खंडेनवमीनंतर आलेलं पिस्तूल

"रिकामं आहे," असं म्हणत त्यांनी रुमालात गुंडाळलेलं पिस्तूल काउंटरवर ठेवलं.

आमच्या दुकानात या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. भिंतीकडच्या बाकावर माझे सासरे सुपारी कातरत बसले होते. मी त्यांना मामंजी म्हणायची. मोतीबिंदूमुळं त्यांना माणसं धुरकट दिसायची, पण कान असे की गल्लीतून जाणाऱ्या सायकलची चेन सैल झालीय हे बसल्या जागी सांगायचे. मान वर न करताच ते म्हणाले, "सगळ्यांचंच रिकामं असतंय. इंदू, बघ."

मी नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडं केलं आणि मॅगझिन काढलं. भरलेलं होतं. मग वरची स्लाइड मागं ओढली, तसं आतून एक काडतूस टणकन उडालं, काउंटरवर आपटलं आणि घरंगळत मामंजींच्या चहाच्या बशीत जाऊन पडलं.

"घ्या. रिकाम्या पिस्तुलानं अंडं घातलं," मामंजी म्हणाले.

मला हसू आलं. गिऱ्हाईक हसलं नाही. गाडीतून उतरून गेला असं समजावं आणि मागच्या सीटवरच बसलेला दिसावा, अशा माणसाकडं बघावं तसे ते त्या बशीकडं बघत होते.

"राहून गेलं असेल," ते म्हणाले आणि काडतूस उचलायला त्यांनी हात पुढं केला.

"असू दे हितंच," मामंजी म्हणाले. "दुरुस्तीनंतर उडवून बघाय लागतंय. कोण म्हणायचं आपण?"

"जयसिंगराव साळोखे. उचगावला आमची लाकडाची वखार आहे."

वखारवाले असल्याचं सांगायची गरज नव्हती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कापलेली नखं, भांग जागच्या जागी. पण अंगाला ताज्या कापलेल्या सागवानाचा वास होता. पन्नाशीच्या आसपासचा, शांत बोलणारा माणूस. लायसन्स त्यांनी न मागता पुढं केलं. पिस्तूल बत्तीस बोरचं, परदेशी बनावटीचं, त्यांच्या वडिलांनी घेतलेलं.

"काय होतंय त्याला?" मी विचारलं.

"चाप ओढला की नुसतं टक् वाजतं. पुढं काही नाही."

"कशावर ओढला होता?" मामंजींनी विचारलं.

साळोख्यांनी रुमालाची घडी घातली. "वखारीत घुशी झाल्यात. घुशीवर."

"पिस्तूल घेऊन? घूस मोठ्या घरची असणार."

"विकायचंय मला ते," साळोखे माझ्याकडं वळून म्हणाले. "आता ठेवून करायचं काय? किंमत काढून द्या. पण त्याआधी दुरुस्त करा. पहिल्या चापाला उडालं पाहिजे. दुसऱ्यांदा ओढावा लागता कामा नये."

"आठवडा लागेल."

"दिवाळीच्या आत पाहिजे. जमलं तर परवाच द्या, ताई. मला जरा घाई आहे."

ताई म्हणाले म्हणून मी हो म्हटलं. तोवर आमच्या दुकानात येणारे बहुतेक लोक माझ्या डोक्यावरून मामंजींकडं बघून बोलायचे. ते निघून गेले आणि मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"विकणाऱ्याला किंमत पाहिजे असत्या," ते म्हणाले. "ह्याला उडायला पाहिजे."

*

मी बंदुका दुरुस्त करायला कुठं शिकले, असं लोक विचारतात तेव्हा मी शिलाई मशीनचं नाव सांगते. लग्नात आलेलं माझं मशीन वर्षात बंद पडलं. मेकॅनिक येईना म्हणून मीच ते उलगडून फरशीवर मांडलं आणि पुन्हा जोडलं. दोन तुकडे उरले, तरी ते चाललं. मामंजींनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी एकनळी बंदूक माझ्या पुढ्यात टाकली. आमच्या घरच्यांना, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकाला, आवाजाची भीती. ते एसटीच्या डेपोत हेडक्लार्क झाले आणि सुखी झाले. मग दुकानाच्या लायसन्सवर सासऱ्यांच्या जोडीला सुनेचं नाव लागलं. आमच्या जातीतल्या बायका वर्षभर त्यावर बोलत होत्या. मग त्यांच्याही शिलाई मशिनी माझ्याकडं यायला लागल्या.

खंडेनवमीनंतरचे पंधरा दिवस म्हणजे आमची सुगी. कोल्हापूरच्या आसपास ज्याच्याकडं म्हणून हत्यार आहे, तो त्या दिवशी ते पाटावर मांडतो. एरवी घरातल्या बायकांनी पिस्तुलाला हात लावायचा नाही. कपाटाची किल्ली यजमानाच्या जानव्याला नाहीतर करगोट्याला. पण त्या एका दिवशी तो स्वतः हत्यार आणून बाईच्या हातात देतो आणि आंघोळीला जातो. बाई ते पुसते, हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते. तिला वाटतं, लोखंडाला तेल चांगलं. म्हणून ती स्वयंपाकघरातलं खोबरेल लावते. मग थंडी पडली की ते तेल गोठतं, त्यात कुंकू बसतं, आणि दिवाळीच्या आत दोन-चार माणसं आमच्या दारात. नळीत अक्षता सापडतात. एका जमादाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मला आख्खी लवंग सापडली होती.

म्हणून साळोख्यांच्या पिस्तुलाच्या मागच्या बाजूला, घोड्याखाली, लाल रेघ दिसली तेव्हा मी म्हणाले, "कुंकूच आहे, मामंजी. नेहमीचंच."

"मग बरं झालं," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. बशीतलं काडतूस त्यांनी पुसून बोटांत धरलं होतं आणि अंगठा त्याच्या बुडावरून पुन्हा पुन्हा फिरवत होते.

"इंदू, हे उजेडात बघ."

काडतुसाच्या बुडाला मधोमध पितळी टोपी असते. चाप ओढला की पिस्तुलातली पिन त्या टोपीवर आपटते आणि गोळी सुटते. या टोपीवर एक उथळ खड्डा होता. पिन आपटली होती, पण दम नसल्यासारखी.

"म्हणजे ते खोटं बोलले नाहीत," मी म्हणाले. "चाप ओढला, उडालं नाही."

"चाप ओढला हे खरं. पण घुशीवर ओढला असता, तर उडालं न्हाई म्हटल्यावर माणूस काय करतोय? स्लाइड खेचून दुसरं काडतूस घेतोय. न्हाईतर शिव्या देत हे तरी काढून टाकतोय. ह्यानं तसंच आत ठेवलं. रुमालात गुंडाळलं. आणि रिकामं आहे म्हणाला." मामंजींनी काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. "त्यानंतर त्यानं पिस्तुलाकडं बघितलंबी न्हाई. बघवलं न्हाई त्याला."

"कुणावर ओढला असेल?"

"वखारीच्या वाटेवरनं चुलतभावाशी जुंपलंय त्याचं. बाजारात समद्यांना ठाऊक हाय." त्यांनी बशी पुसून बाजूला ठेवली. "परवाच्याला तू ते नीट करून देणार. आणि त्यो ते घिऊन जाणार."

मी पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिस्तूल उलगडलं. किंमत काढायची म्हणजे आधी सगळं बघायचं. नळी उजेडाकडं धरली. आतले पीळ स्वच्छ, कुठं खड्डा नाही. स्लाइड हलवून कानाशी वाजवली, खुळखुळत नव्हती. स्प्रिंग ताठ, मॅगझिनच्या कडा सरळ. स्क्रूंच्या खाचा कोऱ्या होत्या, म्हणजे घरी कुणी पेचकस घालून उघडलं नव्हतं. वरून तर ते लख्ख होतं. मालक पुसत होता, वेळच्या वेळी. इतकं चांगलं जुनं पिस्तूल माझ्या हाताखालून फार कमी गेलंय.

मग पिन बाहेर काढायला गेले आणि ती निघेना. चिमट्यानं ओढली, तेव्हा सुटली. जिथं बसते ती जागा लाल गाळानं भरली होती.

मी तो सळईनं कोरून फडक्यावर घेतला. खोबरेल गोठलं की बोटाच्या उबेनं सुटतं. हे सुटेना. चिकटत होतं, ओढलं की तार धरत होतं. नाकाशी नेलं, आणि मला माझी आजी आठवली. आजी रोज सकाळी कपाळाला आधी मेण लावायची. करंड्यातलं पिवळं, मऊ मेण अंगठ्यानं गोल दाबायचं आणि त्यावर कोरडं कुंकू. मग ते संध्याकाळपर्यंत हलत नसे. हे तेच होतं.

हत्याराला कुणी मेण लावत नाही. कुठल्याच पूजेत नाही. आणि पिनेच्या खाचेत ते आपोआप जात नाही. सुईनं नाहीतर आकड्यानं, थोडं थोडं करून, आत ढकलावं लागतं. पुन्हा कोरलं, तर खाली दुसरा थर लागला, काळपट. मधे धुळीची रेघ. त्याच्याखाली आणखी एक, अगदी दगडासारखा. प्रत्येक थर वेगळ्या वर्षाचा.

तीन खंडेनवम्या.

मी मामंजींना सांगितलं नाही. बाईची गोष्ट होती ती. आधी ती बाई बघावीशी वाटली. मी रॉकेलनं सगळं धुतलं, पिन पुसली, जोडलं. मग मागच्या खोलीत गेले, तिथं चाचणीसाठी वाळूनं भरलेली पेटी आहे, आणि मॅगझिनमध्ये ते एकच काडतूस घातलं. खड्डा पडलेलं. ते मुळातच फुसकं असेल, तर निदान एक प्रश्न सुटला असता.

चाप ओढला. पेटीतली वाळू हातभर वर उडाली.

बाहेरून मामंजी म्हणाले, "अरं देवा."

आणि त्याच वेळी दुकानात काहीतरी पडलं. मी बाहेर आले तर दारात एक बाई उभी होती. पायाशी स्टीलचा डबा उपडा, त्यातून चिवडा सांडलेला. हिरवी सुती साडी, पदर खोचलेला, केसांत रस्त्यावरची धूळ. दाराबाहेर एक निळी स्कूटर तिरकी लावलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि त्याच्या कडेनं उन्हात चमकणारी मेणाची बारीक रेघ. टिकल्यांच्या जमान्यात ओळखायला तेवढीच पुरे होती.

"ते उडालं का?" बाईनं विचारलं.

"तुम्ही साळोखे वहिनी," मी म्हणाले.

"ते उडालं का, ते सांगा."

"उडालं."

ती मामंजींच्या शेजारी बाकावर बसली. मामंजी उठून मागच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. त्यांना सगळं ऐकू जाणार होतं, पण तेवढी लाज त्यांनी ठेवली.

"मला वाटलं, चिवडा देते, बोलते, तुमची ओळख काढते, मग म्हणते दुरुस्त करू नका," ती म्हणाली. तिचं नाव रत्नमाला. "तुम्ही आधीच केलंत."

"कुणासाठी घाबरताय, वहिनी? चुलतदिरासाठी?"

"त्यांच्यासाठी?" ती चक्क हसली. "त्यांच्याशी भांडण झालं तेव्हा मी देवाला नारळ दिला. म्हटलं, अजून चिडतात, अजून वाटेचं कौतुक आहे यांना." मग हसू गेलं. "आमच्या यांच्यासाठी. ते स्वतःलाच करतील काहीतरी."

मी तिच्या शेजारी बसले.

"कारण विचारू नका," ती म्हणाली. "मला माहीत नाही. सगळं आहे घरात. पोरगी सुखात आहे, वखार चालते. दारू नाही, काही नाही. तीन-चार वर्षं झाली, आतून कुणीतरी दिवे मालवत गेल्यासारखं झालंय. हसतात, जेवतात, पाहुण्यांशी बोलतात. आणि मला शिकवतात."

"काय शिकवतात?"

"सगळं. विहिरीची मोटार कशी चालू करायची. बँकेत सही कुठं करायची. सागवान आणि शिवणीचं लाकूड ओळखायचं कसं, वखारीवरच्या माणसांना रोजाचे पैसे कसे द्यायचे. स्कूटर. माणूस लांबच्या गावाला जाण्याआधी सांगतो ना, तसं. पहिल्यांदा मोटार शिकवली त्या वर्षीच मला कळलं. खंडेनवमीला पिस्तूल हातात आलं, तेव्हा म्हटलं, एवढा एकच दिवस आहे आपला."

"मेण कुठून सुचलं?"

"खिडकीच्या कडीच्या भोकात मेण गेलं होतं एकदा, तर कडीच अडकली. मला काय कळतंय त्यातलं? जिथं जिथं भोक दिसलं, तिथं तिथं भरलं. वरचं पुसून टाकलं. दरवर्षी." तिनं माझा हात धरला. "अजून चालवून बघितलं नसेल ना त्यांनी? विकायचं म्हणून दुरुस्तीला टाकलं असं म्हणाले मला. त्यांना कसं कळलं, बिघडलंय ते?"

खड्डा पडलेल्या त्या काडतुसाची रिकामी पुंगळी माझ्या खिशात होती. अजून गरम वाटत होती.

"घुशीवर ओढून बघितलं म्हणाले," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. वखारीत घुशी नव्हत्या, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं माझा हात सोडला.

"माझं नाव घेऊ नका त्यांच्याजवळ," ती उठताना म्हणाली. "मला कळलंय हे त्यांना ठाऊक नाही. माझ्यापासनं लपवायचंय, म्हणून तरी दिवस ढकलतात. तेवढी एक आडकाठी आहे. ती काढू नका."

सांडलेला चिवडा तिनं वाकून भरला, अगदी दाण्यांसकट. मग स्कूटरला एक लाथ मारली आणि शुक्रवार पेठेतल्या त्या गर्दीतून, हातगाड्या, म्हशी, रिक्षा सगळ्यांना वळसे घालत, एकदाही पाय न टेकता गेली.

मामंजी बाहेर आले. त्यांनी हत्यारांच्या खणातून कानस काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"पिन केसभर आखूड कर," ते म्हणाले. "जन्मात उडायचं न्हाई."

साठ वर्षांत या माणसानं कुणाचं हत्यार बिघडवलं नव्हतं. चोराचं असतं तरी बिघडवलं नसतं. मी कानस हातात घेतली.

"आणि मग ते विहिरीकडं बघतील," मी म्हणाले. "विहिरीला कानस कशी लावायची?"

त्यांनी खण बंद केला. मी कानस तशीच हातात धरून बसले. दुपारी घरी जेवायला गेले, तरी ती पिशवीत होती; पिनेला मात्र लावली नाही.

*

परवा म्हणजे परवाच, दुकान उघडायच्या वेळेला साळोखे दारात उभे होते. वखारीचा टेम्पो त्यांना सोडून पुढं गेला होता. आजही शर्ट कडक होता. दाढी इतकी स्वच्छ केलेली की हनुवटीवर एक ताजा काप.

"झालं?"

"झालं."

"उडतंय?"

"पहिल्या चापाला."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरनं तारीख सांगितल्यावर पेशंट हलवतो तशी. मी पिस्तूल काउंटरवर ठेवलं. मॅगझिन काढून बाजूला, स्लाइड मागं अडकवलेली. हात मात्र त्यावर तसाच ठेवला.

"किंमत चांगली येईल," मी म्हणाले. "नळी नव्यासारखी आहे. विकायचंच असेल तर आता इथंच ठेवा. परवानगी येईपर्यंत हत्यार दुकानात जमा ठेवायचा रिवाजच आहे."

"नाही. घरी नेतो. विकायचं नंतर बघू."

"बरं."

मी हात काढला नाही. त्यांनी हात पुढं केला नाही. मामंजींचा अडकित्ता बंद होता.

"ताई," ते म्हणाले, "एक विचारू? काय झालं होतं त्याला?"

"का?"

"असंच." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "म्हणजे, वस्तू जुनी झाली की बिघडते. त्यात काही नाही. तसं असेल तर तसं. पण कधी कधी बिघाड नसतानाही एखादी गोष्ट अडते. अंबाबाईच्या मनात नसतं, म्हणतात. मी तसला माणूस नाही. तरी गेले आठ-दहा दिवस तेच डोक्यात आहे. म्हणून तुमच्याकडं आणलं. तुम्ही सांगा. नुसता बिघाड होता का?"

तेव्हा मला कळलं, ते किंमत काढायला आले नव्हते आणि दुरुस्तीलाही आले नव्हते. हो म्हटलं असतं तर ते पिस्तूल घेऊन गेले असते. देवीचं नाव घेतलं असतं तर कदाचित थांबले असते, पुढच्या वाईट दिवसापर्यंत. आणि रत्नमालावहिनींनी तर माझं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं होतं.

मी खण उघडला आणि ते फडकं काढून काउंटरवर पसरलं.

"बिघाड नव्हता," मी म्हणाले. "बघा."

त्यांनी वाकून बघितलं. "कुंकू?"

"कुंकू वरचं. हात लावा."

त्यांनी बोट लावलं. बोट फडक्याला चिकटलं आणि सोडवताना तार निघाली. त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं. मग तोंडाजवळ नेलं आणि मधेच हात थांबला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ज्या घरात रोज सकाळी तो वास येतो, त्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

"हा यंदाचा थर," मी म्हणाले. "हा गेल्या वर्षीचा. हा त्याच्या आधीचा. सुईनं भरलंय. आत, पिनेपाशी."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

त्यांनी तिन्ही थरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी काउंटरवर हात आपटला.

"मेण!" ते ओरडले. "पिस्तुलात मेण! अक्कल आहे का बाईला? वडिलांनी किती जपलं होतं ते! मी दर महिन्याला पुसतोय, पुसतोय, आणि ही आतून… सुईनं! अहो, स्फोट झाला असता एखाद्या वेळी! हाताची बोटं गेली असती!"

"कुणाच्या?" मामंजींनी विचारलं.

साळोखे थांबले. मग ते बाकावर मामंजींच्या शेजारी बसले, अगदी अंग टाकून, आणि कडक शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. मामंजींनी त्यांच्याकडं न बघता एक सुपारीचं खांड पुढं केलं. त्यांनी ते घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं.

"तिला माहीत आहे? चाप… ते?"

"ते मी सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा."

"ती इथं आली होती?" त्यांनी वर बघितलं. "कुणाबरोबर? तिला एकटीला एसटीनंही येता येत नाही. तीन वर्षं झाली, शिकवतोय तिला. मोटार चालू करायला शिकवली, तीनदा विसरली. बँकेत नेलं, तर म्हणते मला फॉर्म समजत नाही. स्कूटरवर बसवलं, तर अंगणातच रडायला लागली. मी म्हणायचो, हिला अजून काहीच येत नाही, हिला असं टाकून कसं…"

"स्कूटरवर आल्या होत्या," मी म्हणाले.

"कुणाच्या मागं बसून?"

"एकट्या. स्वतः चालवत. बाजारच्या वेळेला."

त्यांनी मामंजींकडं बघितलं, मी थट्टा करतेय का ते विचारल्यासारखं.

"मी ऐकली की," मामंजी म्हणाले. "एकाच लाथेत चालू केली. क्लच दाबून गिअर टाकला. कुठं खरखर न्हाई. मुरलेला हात हाय."

बाहेर एक रिक्षा बराच वेळ हॉर्न वाजवत उभी होती. ती गेली. साळोखे उठले. पिस्तुलाकडं न बघता, ते जिथं होतं तिथंच ठेवून, त्याच्या पलीकडच्या फोनकडं गेले.

"एक फोन करू का?"

मी फोन त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी नंबर फिरवला. एकदा चुकला, पुन्हा फिरवला. पलीकडं कुणीतरी उचलला, कारण रिसिव्हरमधून वखारीतल्या करवतीचा लांबून येणारा आवाज मला ऐकू आला.

"मी बोलतोय. नाही, बरा आहे. शुक्रवार पेठेत आहे, बंदुकीच्या दुकानात." ते थांबले. "मला न्यायला ये."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नको, टेम्पो नको. तू ये. स्कूटर घेऊन ये."

आता नुसती करवत ऐकू येत होती. ती एका ओंडक्यातून आरपार गेली, थांबली, दुसऱ्याला लागली. तेवढा वेळ त्यांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.

"हो," ते शेवटी म्हणाले. "कळलंय मला. ये तू. घाई करू नकोस, सावकाश ये. मी इथंच बसलोय."